वर जा म्हणणाऱ्यांस

गेल्या महिन्याभरात महाडच्या बाजारपेठेत आणि पोलादपूरच्या एसटी स्टँडवर माझ्याविषयी एक नवी हकीकत पसरली आहे. म्हाताऱ्याने अखेर माघार घेतली, नातीला वरच्या वजनी गटात लढायला त्याने स्वतःच पाठवले, म्हणजे आम्ही सांगत होतो तेच खरे होते, अशी ती हकीकत. ती सांगणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात ग्लोव्ह हातात घातलेला नाही. माझ्याविषयीच्या खोट्या हकीकती मी पन्नास वर्षे ऐकत आलो आहे आणि बहुतेक वेळा त्यांना उत्तर देण्याच्या लायकीचे समजलो नाही. या एका हकीकतीला मात्र उत्तर देणे भाग आहे, कारण तिच्यात माझ्याबरोबर माझ्या नातीचेही नाव ओढले गेले आहे.

ज्यांना या खेळातले काही कळत नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की मुष्टियुद्धात माणसे वजनाप्रमाणे गटांत वाटलेली असतात. माझ्या काळी अठ्ठेचाळीस, एकावन्न, चौपन्न, सत्तावन्न असे ते गट चढत जात. मी एकावन्न किलोंचा. मुंबईत एका कारखान्यात फिटर होतो आणि त्या कारखान्याच्या संघातून लढत असे. राज्याचे अजिंक्यपद मी लागोपाठ चार वर्षे जिंकले. चौथ्या वर्षी अंतिम लढतीत समोरचा मुलगा पहिल्याच फेरीत दोरांना टेकून उभा राहिला आणि पंचांनी लढत थांबवली. त्या वर्षी मला जो कंटाळा पाहायला मिळाला तो माझा नव्हता, पाहणाऱ्यांचा होता.

उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. त्या वाडीचे आणि आसपासच्या चार वाड्यांचे पुरुष तेव्हा मुंबईत गावकीच्या एका खोलीत राहत. वीस जण एका खोलीत, पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीतले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे मंडळाची बैठक भरे. देवळाचे पत्रे, पाण्याची टाकी, कोणाच्या लग्नाला किती माणसे जाणार, अशा विषयांवर तिथे ठराव होत, आणि मंडळाच्या वहीत ते मोठ्या अक्षरात लिहिले जात. माझे वजन हाही एका रविवारी त्या बैठकीपुढचा विषय झाला.

असे का झाले हे समजायला आमच्या वाडीच्या देवळापुढच्या तीन गोट्या माहीत हव्यात. नदीतले गोल दगड आहेत, धाकटी, मधली आणि थोरली. शिमग्याला तरुण मुले त्या उचलतात. ज्याने धाकटी छातीपर्यंत आणली तो पुढच्या शिमग्याला तिला हात लावत नाही, तो मधलीकडे जातो. जो पुन्हा धाकटीकडेच वळला, त्याला बायकासुद्धा हसतात. आमच्या माणसांच्या मनात सामर्थ्याची एवढी एकच मोजपट्टी होती, आणि एकावन्न, चौपन्न, सत्तावन्न हे आकडे त्यांनी सरळ त्या तीन दगडांवर नेऊन ठेवले. सत्तावन्नचा गडी म्हणजे थोरली गोटी उचलणारा, एकावन्नचा म्हणजे अजून धाकटीशीच झटापट करणारा. चार वर्षे एकाच गटात जिंकणारा माणूस त्यांच्या लेखी चार वर्षे धाकटी गोटी उचलून मिरवणारा होता.

"यंदा कितीला हायस?" मंडळाच्या खजिनदारांनी विचारले. ते नात्याने माझे चुलते लागत.

"एकावन्नला, काका."

"गेल्या साली?"

"एकावन्नलाच."

"आणि त्याच्या अगोदर?"

मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले, "तो वाढतच नाय, त्याला खत टाका." सगळी खोली हसली.

"हसू नका," खजिनदार म्हणाले. "पोरगा चांगला हाय. पण किती दिवस बारक्या पोरांस मारणार? गावाला सांगायचं काय आम्ही?"

मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. समोरचा मुलगाही एकावन्नचाच असतो, तो बारका नसतो, असे सांगितले. भाताचे उत्तम पीक देणाऱ्या खाचराच्या मालकाला कोणी म्हणत नाही की बाबा, आता तेच भात वरच्या वरकस उतारावर पेरून दाखव, म्हणजे आम्ही तुला शेतकरी मानू, हेही सांगितले. हा दाखला मला तेव्हा बिनतोड वाटला होता आणि आजही वाटतो. खजिनदारांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि वहीत लिहिले की, आपल्या गड्याने यंदा पुढची पायरी घ्यावी. ठराव एकमताने मंजूर झाला. माझे मत कोणी विचारले नव्हते, त्यामुळे एकमत व्हायला अडचण आली नाही.

आता पहिली खोटी हकीकत येथेच मोडतो. मंडळाने मला बळेच वर ढकलले, असे माझे हितचिंतक सांगतात. मला कोणी ढकलू शकत नव्हते. मी गेलो तो माझ्या पायांनी. खोलीतले ते हसू मला सहन झाले नाही, आणि ज्यांच्या मताला मी कवडीची किंमत देत नव्हतो त्यांच्याच मतासाठी मी माझा गट सोडला. याहून मोठा मूर्खपणा माझ्या हातून झालेला नाही, आणि तो माझा आहे. इतरांनी त्याचे श्रेय घेऊ नये.

दोन महिने मी खात राहिलो. खानावळवाल्या बाई माझ्या ताटात भाताचा डोंगर रचत आणि वर सुकटीचे कालवण ओतत. वजन करायच्या सकाळी मी पाणी पिऊन काट्यावर उभा राहिलो आणि कसाबसा साडेबावन्न भरलो. ज्याच्याशी माझी गाठ पडली तो रेल्वेतला मुलगा मुळात सत्तावन्नचा होता, अंगातले पाणी काढून चौपन्नात उतरलेला. वजन झाल्यावर त्याने ते पाणी परत भरून घेतले. मी पाण्याने जड झालो होतो आणि तो हाडाने जड होता. पहिल्या फेरीत मी त्याला सात-आठ वेळा नाकावर मारले. एकावन्नच्या गटात त्यांतल्या तिसऱ्या ठोशाला माणूस मागे सरत असे. हा पुढे येत राहिला. दुसऱ्या फेरीत त्याने माझ्या उजव्या बरगड्यांखाली एक ठोसा मारला, आणि मी गुडघ्यावर बसून दहा आकडे अगदी स्पष्ट ऐकले.

या लढतीच्या तीन आवृत्त्या आज पोलादपूर तालुक्यात चालू आहेत. स्टँडवर बसणारे एक निवृत्त कंडक्टर सांगतात की मी आदल्या दिवशी दारू प्यालो होतो. ते त्या वेळी प्राथमिक शाळेत होते, त्यामुळे त्यांच्या माहितीचा उगम त्यांनाच ठाऊक. दुसरी आवृत्ती माझ्या सख्ख्या चुलतभावाची आहे, की पंच रेल्वेला फितूर होते. ही आवृत्ती माझ्या बाजूची म्हणून मी तिला मान डोलवावी, अशी त्याची अपेक्षा असते. मी जमिनीवर बसलो होतो. पंच कोणाचेही असते तरी मी जमिनीवरच बसलो असतो. मला असल्या आधाराची गरज नाही, आणि तो देणाऱ्यांचा मला पहिल्यापेक्षा अधिक राग येतो.

तिसरी आवृत्ती महाडची आहे, म्हणून सुशिक्षित आहे. तिच्याप्रमाणे मी एका पराभवाने खचलो आणि तेव्हापासून मोठ्या आव्हानाला घाबरतो. खरी गोष्ट याहून रुक्ष आहे. पुढच्या वर्षी मी एकावन्नमध्ये परत आलो तेव्हा माझे शरीर तिथे परत आले नव्हते. खाऊन जोडलेले वजन उतरले, पण त्याबरोबर पायांतला वेगही उतरला. एका नव्या मुलाने मला गुणांवर हरवले, आणि तो पुढे तीन वर्षे जिंकत राहिला. वर जाऊन मी वरचे काही मिळवले नाही, आणि जे माझे होते ते गमावले. यात खचण्यासारखे किंवा घाबरण्यासारखे काही नाही, समजण्यासारखे मात्र आहे.

माझा मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. त्याची मुलगी बारा वर्षांची असताना मी तिला वाडीत, आंब्याला टांगलेल्या भुशाच्या पोत्यावर जॅब, म्हणजे डाव्या हाताचा सरळ ठोसा, मारायला शिकवले. नंतर महाडात सैन्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी बाजारपेठेमागच्या गोदामात तालीम सुरू केली, आणि ती त्यांच्याकडे जाऊ लागली. अठ्ठेचाळीस किलोंच्या गटात तिने राज्याचे सुवर्णपदक लागोपाठ तीन वर्षे आणले. तिचा डावा हात माझा आहे. बाकीचे तिने स्वतः मिळवले, आणि थोडेफार त्या प्रशिक्षकांनीही दिले असेल.

तिसऱ्या पदकानंतर महाडात तिचा सत्कार झाला. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितले की, या कन्येने अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर झेप घेतली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. एकालाही त्यात काही खटकले नाही. त्यानंतर प्रशिक्षक उठले आणि म्हणाले, "या गटात हिला आता कोणी उरलेलंच नाही. खरा चॅम्पियन तोच, जो वर जाऊन स्वतःला सिद्ध करतो. पुढच्या वर्षी आपण मोठ्यांना भिडणार." पुन्हा टाळ्या. माझ्या शेजारी बसलेला एक तरुण मला मोबाइलवर कोणा परदेशी विजेत्याची चित्रफीत दाखवू लागला, ज्याने म्हणे चार गटांत चार पट्टे मिळवले होते.

"बघा आजोबा, हा बघा. ह्याला म्हणतात डेअरिंग."

"आणि जे वर जाऊन आडवे झाले, त्यांच्या चित्रफिती आहेत का तुझ्याकडे?"

"त्या कोण बघणार?"

त्या तरुणाला ठाऊक नसताना त्याने सगळा वाद मिटवला होता. अशा विजेत्याच्या मागे वैद्य असतो, स्वयंपाकी असतो, तयारीला वर्षभर असते, आणि इतके असूनही जे पडतात ते कोणी पाहत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, एका गटावर वर्षानुवर्षे राज्य करणे हेच अधिक कठीण आहे. तुमची प्रत्येक हालचाल लोकांनी पाठ केलेली असते. दर वर्षी एक नवा मुलगा केवळ तुम्हाला हरवण्यासाठी मोठा झालेला असतो. त्याला तुम्ही आश्चर्यचकित करू शकत नाही, तरीही जिंकावे लागते. हे ज्याला बघवत नाही तो म्हणतो, वर जा. त्याला सिद्धता वगैरे काही नको असते. त्याला तुम्ही पडलेले पाहायचे असते, आणि ते उघड म्हणण्याइतका प्रामाणिकपणा त्याच्यात नसतो.

मी उठलो आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला. माझे नाव कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. मी हे सगळे त्यांना सांगितले, दोन-चार गोष्टी याहून कडक शब्दांत सांगितल्या, आणि शेवटी म्हणालो, "माझी नात अठ्ठेचाळीसमध्येच लढेल. ती वर जाणार नाही. तुमची करमणूक करण्यासाठी मी तिला वाढवलेली नाही." टाळ्या वाजल्या नाहीत. नात पहिल्या रांगेत होती आणि आपल्या बुटांकडे पाहत होती. मला वाटले, प्रशिक्षकांपुढे तिला संकोच झाला असावा.

पुढचे वर्षभर महाड माझ्याशी वाद घालत होते आणि मी महाडशी. त्याचा तपशील देत नाही. त्यात माझ्या बाजूखेरीज ऐकण्यासारखे काही नव्हते.

या मे महिन्यात निवड चाचणीच्या तीन आठवडे आधी नात वाडीवर आली. डोंगराच्या चढावर धावण्यासाठी ती दर वर्षी येते. भर उन्हात प्लास्टिकचा रेनकोट घालून ती उमरठच्या रस्त्याला धावत असे. घाम काढण्याची ही पद्धत मला माहीत होती, आमच्या वेळीही होती, आणि चार दिवस मी तिला शिस्त समजलो. पाचव्या दिवशी ती चढावर एका दगडावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी खाली अंगणातून घड्याळ लावून पाहत होतो. परत आल्यावर मी तिला म्हणालो, "आज चढाला सहा मिनिटं जास्त लागली." ती म्हणाली, "हो आजोबा," आणि आत गेली.

माझी पत्नी पडवीत तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले.

"सहा मिनिटं मोजलीत. पोरगी काय खाते ते मोजलंत काय?"

"काय खाते?"

"अर्धी भाकरी. तीपण कुत्र्याला टाकते, तुमची पाठ फिरली की. काल दुपारपासून पाण्याचा घोट नाय घेतलेला. जीभ बघा तिची." मग तिने आवाज खाली आणला. "आणि तीन महिने झाले, बाईचं जे असतं ते नाय तिला. मला सांगितलंन काल रडत."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हांला? तुम्ही तर भाषण केलंत."

माझ्याशी असे बोलण्याचा अधिकार या जगात एकाच व्यक्तीला आहे, आणि ती तो जपून वापरते. मी नातीला बाहेर बोलावले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, मी समोर बसून तिला जेवायला लावले. पहिल्या जेवणाला ती रडत होती. तिसऱ्या जेवणाला तिने कुळथाचे पिठले पुन्हा मागून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन पोलादपूरला भातगिरणीवर गेलो. तिथला पोती मोजायचा काटा तालुक्यात सगळ्यांत खरा आहे.

गिरणीवाल्याने आमच्या हातांकडे पाहिले. "पोतं कुठं हाय, बाबा?"

"हेच," मी म्हणालो.

"सालासकट मोजू का सडून?" तो नातीला म्हणाला. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

काटा बावन्नच्या थोडा वर थांबला. मी तिला उतरायला सांगून पुन्हा चढवले. तेवढेच. ही मुलगी एकोणीस वर्षांची झाली होती, तिची हाडे वाढली होती, खांदे रुंदावले होते, आणि बावन्न किलोंचे ते शरीर ती वर्षभर दर स्पर्धेला अठ्ठेचाळीसमध्ये कोंबत होती. मी पाणी पिऊन वर चढलो होतो आणि ती पाणी तोडून खाली उतरत होती.

गिरणीबाहेर सावलीत उभे राहून मी तिला म्हणालो, "बाय, वर चौपन्नच्या गटात नाव घाल."

"नाही घालणार."

"का?"

"तुम्ही सगळ्या महाडसमोर सांगितलंत, ती वर जाणार नाही म्हणून. मी गेले की सगळे काय म्हणणार? म्हातारा हरला. ते तुम्हांला हसलेले मला चालणार नाही."

"ते मला पन्नास वर्षं हसतायत गो."

"मग माझ्यामुळे नको."

 मंडळाच्या खोलीतल्या हसण्यापायी मी माझे शरीर बिघडवले होते. त्याच माणसांच्या वंशजांनी मला हसू नये म्हणून ही मुलगी आपले शरीर बिघडवत होती. फरक इतकाच, की माझ्याविषयी ठराव मंडळाने केला होता आणि तिच्याविषयी मी. तोही तिला न विचारता आणि एकमताने.

चाचणीसाठी नावे देण्याचा शेवटचा दिवस दोन दिवसांवर होता. मीच सगळ्यांसमोर माझा शब्द मागे घेतला तर जाशील का, असे मी तिला विचारले, ती हो म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी महाडला गेलो. संध्याकाळी तालमीत वीस-पंचवीस मुले असतात, त्यांचे पालक भिंतीशी उभे असतात, आणि मोबाइलवर बातम्या चालवणारा एक गृहस्थ रोजच तिथे असतो. मला हीच वेळ हवी होती. जे सगळ्यांसमोर बोललो ते बंद दाराआड मागे घेणे मला शोभले नसते.

मी प्रशिक्षकांना म्हणालो, "हिचं नाव वरच्या गटात घाला. अठ्ठेचाळीसमध्येच लढेल असं मी म्हणालो होतो. ते चुकलं. ते म्हणण्याचा अधिकार मला नव्हता."

प्रशिक्षकांच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते मी अपेक्षिलेच होते. "म्हणजे पटलं शेवटी, आजोबा. मी वर्षभर हेच सांगत होतो."

"तुमचं काही पटलेलं नाही. तुम्ही म्हणत होतात, तिनं स्वतःला सिद्ध करावं. ती सिद्ध आहे. तिचं वजन बावन्न आहे म्हणून ती वर चालली आहे. तुम्ही दर आठवड्याला तिला काट्यावर चढवत होतात ना? मग हे तुम्हांला कधी दिसलं नाही?"

त्यांचे हसू गेले. "दिसत होतं," ते हळू म्हणाले. "म्हणून तर वर चला म्हणत होतो."

"मग तसं म्हणायचं होतं. चॅम्पियन, सिद्धता, मोठ्यांना भिडणं, हे सगळं कशाला?"

"तसं म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

 ऐकले असते, असे माझे मत आहे. माझी पत्नी या मताशी सहमत नाही.

त्या बातमीवाल्याने हे सगळे बोलणे टिपले आणि त्यातले वजनाविषयीचे प्रश्न-उत्तर तेवढे वगळले. 'जुन्या मल्लाची माघार' असा मथळा दिला. मल्ल कुस्ती खेळतो, हेही त्याला ठाऊक नव्हते. या मथळ्यातूनच आजची हकीकत उगवली. म्हणून माझी बाजू पुन्हा स्पष्ट लिहितो. जो आपल्या गटात अजिंक्य आहे त्याने केवळ अजिंक्य आहे म्हणून वर जाऊ नये, हे माझे मत होते, आहे आणि राहील. शरीर वाढले तर त्याच्याबरोबर जावे, आणि ते कोणाला विचारून जाऊ नये. मी शरीर नसताना गेलो. ती शरीर असताना थांबली, कारण मी मध्ये उभा होतो. दोन्ही वेळा चूक एकाच जातीची होती आणि दोन्ही वेळा तिच्यात मी होतो. इतके मी मान्य करतो. याहून अधिक माझ्याकडून कोणाला मिळणार नाही.

चाचणीला मी तिच्याबरोबर गेलो. वजन करायच्या सकाळी तिने माझ्यासमोर दोन केळी आणि उपमा खाल्ला आणि मग काट्यावर उभी राहिली. पहिली लढत तिने सहज जिंकली. दुसरी लढत मागच्या वर्षीच्या विजेतीशी होती, उंच, लांब हातांची, या गटात चार वर्षे मुरलेली मुलगी. तिसऱ्या फेरीत माझी नात तिला कोपऱ्यात घेऊन गेली, आणि चढाला दगडावर बसलेली ती मुलगी हीच का, असे मला वाटले. पाच पंचांपैकी तिघांनी समोरचीला कौल दिला. मी पाहिले ते असे की तिसरी फेरी हिची होती आणि पहिल्या दोन तिच्या. कौल योग्य होता. चुलतभावाला हे आवडणार नाही.

ती हरल्याची बातमी आमच्याआधी महाडला पोहोचली, आणि मुलाचा फोन आला की बाजारपेठेत लोक म्हणतात, अठ्ठेचाळीसमध्येच ठेवायला हवे होते, म्हाताऱ्याने उगीच वर पाठवले. वर्षभर ज्यांनी मला भित्रा ठरवले तीच ही माणसे. त्यांनी आपले मत बदलले, असेही म्हणता येत नाही; मत बदलायला आधी ते असावे लागते.

आम्ही वीर स्टेशनला गाडीतून उतरलो आणि महाडसाठी रिक्षा केली. नातीच्या डाव्या डोळ्याखाली काळे-निळे झाले होते आणि हातात वडापाव होता, दुसरा. रिक्षावाल्याने तिला ओळखले.

"हरलीस काय गो?"

"हरले."

"वरच्यात गेलीस ना. खाली होतीस तेच बरं होतं. आता परत खाली येनार काय?"

"नाही," ती म्हणाली. "याच गटात. पुढच्या वेळी ती पहिल्या फेरीत मला सापडेल."

माझ्या तोंडाशी बरेच काही आले होते. खालच्या गटाविषयी, वरच्या गटाविषयी, आणि खास करून रिक्षावाल्यांच्या मतांविषयी. रिक्षावाल्याने आरशात माझ्याकडे पाहिले.

"तुमचं काय म्हननं, बाबा?"

"तिनं सांगितलं ना," मी म्हणालो. "गाडी पुढे बघून चालवा."